कुरणाचा प्रस्ताव परत का येतो? या चुका टाळा

"सदर क्षेत्र पडीक असल्याने त्यावर वृक्षलागवड प्रस्तावित करावी."

गवतासाठी केलेल्या अर्जावर असा शेरा मारून फाईल परत आली, तेव्हा त्या गावाचे कागद मीच लिहीत होतो. शेरा मारणाऱ्याचा दोन दिवस मनसोक्त राग केला. तिसऱ्या दिवशी अर्जाची स्थळप्रत काढून वाचली, तर पहिली ओळच अशी: 'आमच्या गावालगतच्या पडीक माळावर...' हा शब्द साहेबांनी कुठून शोधून आणला नव्हता. आम्हीच त्यांच्या हातात दिला होता.

महाराष्ट्रात कुरणांसाठी म्हणून एकच एक कायदा नाही आणि पैसा येण्याचा एकच एक दरवाजाही नाही. गायरान सापडतं जमीन महसूल संहितेत, चराईचा हक्क वनहक्क कायद्यात, वैरण पशुसंवर्धनाच्या योजनांत. पैसा कधी रोजगार हमीतून येतो, कधी वित्त आयोगातून, कधी कॅम्पातून (तोडलेल्या जंगलाच्या भरपाईचा निधी), कधी जिल्हा नियोजनातून. प्रत्येक खात्याची भाषा वेगळी, म्हणून एकाच माळाला चार नावं पडतात. आपण कोणत्या नावाने अर्ज केला, त्यावर तिथे पुढे काय उगवणार ते ठरतं. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ तिथेच आहे.

'पडीक' लिहून मोकळं होणं

हा शब्द आपल्या तोंडात इतका बसलाय की चूक करतोय हे जाणवतही नाही. नांगर लागत नाही ती जमीन पडीक, ही महसुलाची जुनी रीत. पुढे उपग्रहाची चित्रं आली, हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या मदतीने देशाचा वेस्टलँड अ‍ॅटलास निघाला आणि त्यात चराऊ कुरणं व झुडपी माळ ओसाड जमिनींच्या रकान्यात बसले. एकदा 'ओसाड' म्हटलं की ती जमीन सुधारायला सगळेच सरसावतात. कुणी तिथे झाडं लावतं, कुणी सौर पॅनेल मांडतं, कुणी औद्योगिक वसाहत आखतं. गावाची चारशे मेंढरं तिथेच पोट भरतात, हे कुणी विचारत नाही, कारण अर्जात ते लिहिलेलंच नसतं.

त्याऐवजी लिहा: 'चराईसाठी सध्या वापरात असलेलं नैसर्गिक गवताळ क्षेत्र'. त्याखाली पुरावा द्या. गावातल्या जनावरांचा आकडा पशुवैद्यकीय दवाखान्यातून पशुगणनेप्रमाणे घ्या. गवतांची नावं लिहा: पवना, शेडा, मारवेल, डोंगरी, कुसळी. जुन्या माणसांना माळावर घेऊन गेलात तर अर्ध्या तासात यादी तयार होते. अर्ज वनखात्याकडे जाणार असेल तर 'सेहिमा-डायकॅन्थियम प्रकारचं गवताळ क्षेत्र' हे दोन शास्त्रीय शब्द जरूर टाका. दख्खनच्या पठारावरच्या गवतांना गवतशास्त्रात याच नावाने ओळखतात आणि वन अधिकाऱ्याने ते शिकलेलं असतं.

आणखी एक मुद्दा फार उपयोगी पडतो. माळ राखण्यासाठी सरकारने स्वतःच अभयारण्यं केली आहेत. सोलापुरात नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ सालचं. कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी काळविटांसाठी, क्षेत्र जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटर. बारामती तालुक्यातलं मयूरेश्वर-सुपे चिंकाऱ्यांसाठी, पाच चौरस किलोमीटरच्या आसपास. तुमच्या माळावर खोकड, लांडगा किंवा काळवीट दिसत असेल तर फोटो तारखेसह जोडा. ज्या जमिनीसाठी अभयारण्य होऊ शकतं, तिला पडीक म्हणताना पेन जरा अडखळतं.

जमीन कुणाची हे न पाहता अर्ज करणं

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. गावकऱ्यांच्या लेखी सगळा एकच माळ असतो. कागदावर त्याचे तीन-चार तुकडे निघतात आणि प्रत्येकाचा मालक वेगळा.

सातबारा हातात घ्या. भोगवटादाराच्या जागी 'सरकार' किंवा 'महाराष्ट्र शासन' असेल तर लगेच 'इतर अधिकार' हा रकाना वाचा. तिथे 'गुरचरण' किंवा 'गायरान' असेल तर ती जमीन संहितेच्या कलम २२ खाली गावाच्या जनावरांसाठी राखलेली आहे. 'राखीव वन', 'संरक्षित वन' असेल तर खातं बदललं. काहीच नसेल आणि नुसतं 'सरकारी पड' असेल तर तलाठ्याकडे (पाटीवर आता 'ग्राम महसूल अधिकारी' लिहिलेलं असतं) गाव नमुना १-अ आणि १-ब मागा. १-अ म्हणजे वनजमिनींची नोंदवही, १-ब म्हणजे बिनभोगवट्याच्या सरकारी जमिनींची. अतिक्रमणांची नोंद १-ई मध्ये असते, तीही बघून ठेवा. विदर्भात निस्तारपत्रक काढा. कोणत्या गटात कुणी काय चारायचं, कुठून सरपण आणायचं हे त्यात लिहिलेलं असतं. एक जुनं निस्तारपत्रक दहा निवेदनांना भारी पडतं.

पूर्व विदर्भातल्यांनी 'झुडपी जंगल' या नोंदीकडे विशेष लक्ष द्यावं. महसुलात पडून असलेल्या या जमिनी वनच समजाव्यात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिला. 'वन' कशाला म्हणायचं हे सांगणाऱ्या, १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातल्या आदेशाशी तो जोडलेला आहे. म्हणजे ग्रामपंचायतीने तिथे परस्पर काम काढलं तर ते अंगलट येईल.

गायरान ग्रामपंचायतीचंच आहे, असं समजून ठराव करणारे सरपंच अजून भेटतात. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५१ खाली शासन चराऊ जमीन पंचायतीकडे निहित करू शकतं, पण तो आदेश मुळात झालेला असायला हवा, शिवाय त्याला अटी असतात. तो आदेश शोधा. सापडला नाही तर तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हा प्रस्तावाचा पहिला टप्पा धरा. तो शेवटावर ढकलला की गाडं हमखास तिथेच अडतं.

गवत हवं असताना झाडं मागणं

गावाने असं का केलं, हे विचारण्यात अर्थ नाही, कारण पैसा झाडांच्या नावाने येतो. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने देशाचा एक तृतीयांश भूभाग वनाखाली किंवा झाडांखाली आणायचं ठरवलं. तेव्हापासून प्रत्येक जिल्ह्याला झाडांचं लक्ष्य असतं. राज्याने २०१६ पासून लागवडीच्या मोहिमा काढल्या, २ कोटी, ४ कोटी, १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी. एवढे खड्डे खणायला मोकळी जागा लागते आणि मोकळी म्हटलं की माळ नजरेत भरतो. कॅम्पाचंही तसंच. धरणाखाली किंवा खाणीखाली गेलेल्या जंगलाची भरपाई म्हणून आलेला हा पैसा आहे. २०१६ चा कायदा आणि २०१८ चे नियम त्याला लागू आहेत. भरपाई म्हणजे वनीकरण, आणि त्यासाठी शोधली जाते ती 'अवनत' जमीन. झाडं विरळ असली की जमीन अवनत ठरते, मग तिथे गवत छातीएवढं का असेना.

असं झालेला एक माळ मी जवळून पाहिलाय. माती वीतभर, खाली मुरूम. उतारावर सलग समतल चर मारलेले. चराच्या कडेला खणलेला मुरूम वर येऊन पडलेला आणि त्या बांधावर तरोटा माजलेला. खाली गेलेली वीतभर माती म्हणजे त्या माळाची सगळी पुंजी होती. चरात गिरिपुष्पाच्या काड्या, निम्म्या वाळलेल्या. मधल्या पट्ट्यात जिथे यंत्र फिरलं नाही तिथे मात्र पवना तसाच उभा होता, दाणे भरलेला. खोल मातीच्या उतारावर चरांचा उपयोग होतो, हे मलाही मान्य आहे. पण पाचशे मिलिमीटर पावसाच्या मुरमाड माळावर शाबूत गवत उकरून झाड लावणं म्हणजे घरातलं धान्य फेकून कणगी विकत आणण्यासारखं आहे.

मग अंदाजपत्रकात काय मागायचं? वेडी बाभूळ मुळासकट काढणं. गाजरगवत आणि रानतुळस फुलण्याआधी उपटणं. उघड्या पडलेल्या जागांवर स्थानिक गवताचं बी आणि मारवेलचे ठोंब लावणं. ओघळींना दगडी बांध. उन्हाळ्याआधी जाळरेषा. आणि राखणदार. यातली बरीचशी कामं मजुरीची आहेत, म्हणून ती रोजगार हमीच्या चौकटीत बसतात. तिथे खर्चाचा किमान ६० टक्के वाटा मजुरीवर हवा, ही अट जुनीच आहे. नवख्यांच्या प्रस्तावात निम्मा खर्च तारेच्या कुंपणाचा असतो, मग ते प्रमाण कोलमडतं आणि फाईल परत येते. कुंपण हवंच असेल तर ते वित्त आयोगाच्या अबंधित (ठरावीक कामाला न बांधलेल्या) निधीतून मागा आणि त्यासाठी गावाच्या विकास आराखड्यात ते काम आधी घाला. आराखड्यात नसलेलं काम नंतर घुसवणं म्हणजे वर्षभर हेलपाटे.

राखणदाराचा पगार तीन वर्षांसाठी धरा. पहिल्या वर्षी सगळे उत्साहात असतात, दुसऱ्या वर्षी कुणीतरी रात्री कुरणात बैल सोडतो, तिसऱ्या वर्षी ये रे माझ्या मागल्या.

वरातीमागून घोडं

मंजुरी बहुधा मार्चमध्ये येते, खर्च संपवायची घाई त्याच महिन्यात असते. गवताला हे आर्थिक वर्ष माहीत नाही.

आपल्याकडच्या बारमाही गवतांचं बी साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिकतं आणि दाणा पिकला की गळायला वेळ लागत नाही. मार्चमध्ये मंजुरी आली की माळावर बी नसतं. मग कंत्राटदार बाजारातून मिळेल ते बी आणतो. त्यात काय निघेल हे पावसाळ्यातच कळतं. माझा सल्ला, मंजुरीची वाट न पाहता बचत गटाकडून दिवाळीच्या सुमाराला माळावरचंच बी गोळा करून घ्या. सुकवून गोणपाटात, कोरड्या जागी ठेवा. या गवतांचं ताजं बी नीट उगवत नाही, त्याला काही महिने विसावा लागतो. म्हणजे पुढच्या जूनपर्यंत ठेवण्यात तोटा काहीच नाही. पेरताना शेणमातीचे गोळे करा म्हणजे वारा आणि मुंग्या बी नेणार नाहीत. खोल पुरू नका, नुसतं मातीआड होईल एवढं पुरे.

कापणीचंही वेळापत्रक प्रस्तावात द्या. फुलोऱ्यात कापलेलं गवत जनावर चवीने खातं. दाणा गळून गेल्यावर उरतो तो पेंढा. कुसळीचं तर कुसळ मेंढीच्या लोकरीत आणि कातडीत घुसतं, ती वेळेत कापलीच पाहिजे. पण सगळंच फुलोऱ्यात कापलं तर पुढच्या वर्षीचं बी येणार कुठून? म्हणून माळाचे तीन-चार वाटे पाडा, दरवर्षी एक बियासाठी राखा. हा साधा नकाशा जोडलेला प्रस्ताव तांत्रिक मान्यतेत वेगळा उठून दिसतो.

वैरणीची योजना ती कुरणाची, असं समजणं

राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या जाहिराती वाचून पुष्कळ गावं मागे लागतात. पन्नास टक्के अनुदान, कमाल पन्नास लाख, हे आकडे खरे आहेत. पण तो भाग उद्योजकांसाठी आहे: मुरघास, वाळली वैरण, वैरणीच्या विटा करणारा कारखाना. आधी स्वतःचं भांडवल किंवा बँकेचं कर्ज, मग टप्प्याने अनुदान. सामाईक माळ राखायला तो चालत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने अभियानात बदल केले तेव्हा वनेतर पडीक जमीन, चराऊ रान आणि अवनत वनजमिनीवर वैरण घेण्यासाठी वेगळी मदत जोडली. गावाने विचारायची ती ही. पशुसंवर्धन कार्यालयात जाताना 'अनुदान हवंय' न म्हणता या बदलाचं नाव घेऊन विचारा.

आणि एक इशारा. वैरणीच्या योजनेत नेपिअर हे पाण्यावर वाढणारं उंच गवत सुचवलं जातं. पाण्याखालच्या तुकड्यावर नेपिअर उत्तमच, पण माळ नांगरून ते लावायचं म्हटलं तर साफ नकार द्या. माळाच्या गवतांसाठी झाशीची भारतीय चराऊ कुरण आणि चारा संशोधन संस्था १९६२ पासून काम करते आहे. तिच्या शिफारशी जोडल्या तर 'हे गवत कुठल्या शास्त्रात आहे?' हा प्रश्न उठत नाही.

वनहक्काचा चुकीचा नमुना

२००६ चा वनहक्क कायदा फक्त वनजमिनीला लागू होतो. महसुली गायरानावर त्याखाली दावा करणारी गावं मी पाहिली आहेत. वर्ष गेलं, हाती काही नाही.

जमीन वनाचीच असेल तर नमुना नीट निवडा. 'अ' वैयक्तिक कसवणुकीचा. चराईसारख्या सामूहिक हक्कासाठी 'ब'. आणि त्या क्षेत्राचं रक्षण व व्यवस्थापन गावाने स्वतः करायचं असेल तर 'क'. नुसता 'ब' भरला तर चारायचा हक्क मिळेल, पण उद्या तिथे खड्डे खणायला कुणी आलं तर थांबवताना हात तोकडे पडतील. दोन्ही भरा.

गणपूर्तीवर दावे सर्रास पडतात. २०१२ च्या सुधारित नियमांप्रमाणे ग्रामसभेच्या निम्म्या सदस्यांची हजेरी हवी आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका हव्यात. ही ग्रामसभा पाड्याची, वस्तीची चालते, गटग्रामपंचायतीची नव्हे. संध्याकाळी सातला सभा ठेवायची, बायका चुलीपाशी, आणि दुसऱ्या दिवशी घरोघरी वही फिरवून सह्या घ्यायच्या, हे आता उपविभागीय समितीला लगेच ओळखू येतं. सभा त्यांच्या सोयीच्या वेळी घ्या, फोटो काढा, इतिवृत्त तिथेच वाचून दाखवा.

दिवाळीनंतर येणाऱ्यांना विसरणं

ठराव पावसाळ्यात होतो. मेंढपाळ त्या वेळी दुसऱ्या मुलखात असतात. ते खाली उतरतात तेव्हा माळाला कुंपण झालेलं असतं, आणि भांडण तिथून सुरू होतं. गावाला वाटतं बाहेरचे आले. वास्तविक त्यांच्या आज्या-पणज्या त्याच वाटेने गेलेल्या असतात आणि त्यांची मेंढरं बसवून घ्यायला गावातलेच शेतकरी रांग लावतात.

कायदा यात स्पष्ट आहे. वनहक्क कायद्याने भटक्या आणि पशुपालक समाजांचा हंगामी वापराचा हक्क मान्य केलाय. त्यांच्या दाव्याची पडताळणी ते किंवा त्यांचे प्रतिनिधी हजर असतील तेव्हाच करावी, असं नियम १२ सांगतो. महाराष्ट्रात धनगर अनुसूचित जमातीत नसल्याने त्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या पंचाहत्तर वर्षांचा पुरावा लागतो, तो गोळा करायला गावाची साथ लागते.

चराईबंदीचं सूत्र आदर्श गाव योजनेने घरोघरी पोचवलं. ज्या गावांत ते चाललं तिथे गवत कापून नेण्याची मुभा होती आणि गोठ्यात बांधायला जनावरं होती. मेंढीचं तसं नाही. तिला चालतं ठेवावं लागतं. म्हणून सरसकट बंदीऐवजी पाळी ठरवा: कोणता वाटा कधी बंद, कोणत्या महिन्यात कुणाचे कळप, किती मुक्काम. चराईने गवत मरत नाही, सतत आणि एकाच जागी चारल्याने मरतं.

अतिक्रमणाचं भांडण त्याच फाईलमध्ये

जगपाल सिंह विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ ला गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करायला सांगितलं. राज्याने त्यानंतर १२ जुलै २०११ ला गायरान वाटपावर निर्बंध घालणारा शासन निर्णय काढला. संहितेत पुढे आलेलं कलम २२-अ गायरान दुसरीकडे वळवण्याला आडकाठी करतं, सार्वजनिक प्रकल्पांची सूट ठेवून. ही तिन्ही नावं ठरावात असू द्या. उद्या गायरान भलत्याच प्रकल्पाच्या यादीत आलं तर हरकतीला हाच पाया लागतो.

पण 'अतिक्रमण हटवून कुरण विकास' असं शीर्षक देऊन अर्ज करू नका. एक तर तो महसूलचा वाद होतो आणि गवताचं काम वर्षानुवर्षं लटकतं. दुसरं, गायरान कसणारा प्रत्येक जण धनदांडगा नसतो. मराठवाड्यात भूमिहीन दलित कुटुंबांनी लढून कसायला घेतलेली गायरानं आहेत आणि २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणं नियमित करायची वाट करून दिलेली आहे. जगपाल सिंह निकालातही भूमिहीनांना आणि अनुसूचित जाती-जमातींना रीतसर दिलेल्या जमिनींचा अपवाद आहे. वादातला तुकडा बाजूला ठेवा, उरलेल्या गटाची मोजणी करून घ्या आणि तेवढ्यावर काम मागा.

आधीचं मोजमाप न ठेवणं

दुसऱ्या वर्षीचा हप्ता इथे अडकतो. 'गवत चांगलं आलं' हे वाक्य कुणी पास करत नाही.

बांबूच्या चार काठ्या बांधून मीटर बाय मीटरची चौकट करा. काम सुरू होण्याआधीच्या सप्टेंबरात माळावर दहा-बारा ठिकाणी ती टाका, आतलं गवत कापा, वजन करा, जातवार वेगळं काढा. तिथे खुंटी ठोकून नंबर रंगवा आणि दरवर्षी त्याच आठवड्यात, खुंटीशेजारच्या न कापलेल्या जागेवर तेच करा. खर्च एका वजनकाट्याचा.

खुंट्यांच्या जागा मात्र मेंढपाळाला विचारून ठरवा. आम्ही एकदा आपल्याच मनाने ठरवल्या आणि पाच नंबरच्या खुंटीपाशी बाकीच्यांच्या दुप्पट गवत निघालं. सगळे खूश. कळप घेऊन आलेल्या आजोबांनी खुंटी बघितली आणि म्हणाले, "इथं तर आमची वाघर लागती दरसाल." वाघर म्हणजे रात्री मेंढरं कोंडायची जाळी. तिथल्या लेंड्यांचं खत होतं ते. नकाशावर पाच नंबर खोडला आणि खुंटी दोनशे पावलं वर, त्यांनी काठीने दाखवलेल्या जागी नेऊन ठोकली.